मंजूर नसलेली वाट

लेखिकाबाई पहिल्यांदा दादाकडे आल्या तेव्हा त्याने त्यांना साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. तोंड उघडलं ते हे विचारायला, "तुमच्या शहरातली घाण कुठे जाते?"

बाई गडबडल्या. चारशे पानांची कादंबरी छातीशी धरून आल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "काका, ते काल्पनिक शहर आहे. तिथे राजा आहे, जादू आहे..."

"असेल. पण जादूगाराला पोट आहे ना? पोट आहे म्हणजे घाण आहे. घाण आहे म्हणजे उतार हवा. उतार कुठल्या बाजूला आहे ते सांगा, मग पुढचं बोलू."

मी शेजारीच बसले होते. कपाळावर हात मारून घेतला. बाईंना या खुर्चीपर्यंत आणायला मला तीन आठवडे लागले होते आणि हा माणूस पहिल्याच वाक्यात गटारात शिरला! पण बाई काही कच्च्या नव्हत्या. जरा विचार करून म्हणाल्या, "पूर्वेला. पूर्वेला बंदर आहे." दादाचे डोळे लकाकले. "मग श्रीमंत लोक पश्चिमेला, वरच्या अंगाला. आणि कातडी कमावणारे पूर्वेला, नाल्याच्या कडेला. त्यांचा वास राजाच्या नाकापर्यंत जाता कामा नये. बसा. चहा घेणार?"

अडीच वर्षांत दादाने कुणाला चहा विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकलं.

हा माझा थोरला भाऊ. तेहतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत होता. अख्ख्या शहराच्या पोटातले पाइप, नाले, झडपा, सगळं याच्या हातचं. ऑफिसात त्याला मोजपट्टी म्हणायचे आणि त्यात काही खोटं नव्हतं. केळं सोलायचं तरी हा आधी दोन्ही टोकं तपासतो. मी नेमकी उलटी. लहानपणापासून माझा पाय घरात टिकला नाही, म्हणून मी भिंगरी. पुढे नोकरीही तशीच मिळाली, घरोघर फिरून तान्ह्या पोरांना लसी टोचायची. तीस वर्षं पोरं मला बघून भोकाड पसरायची, आणि आता तीच पोरं मोठी होऊन रस्त्यात थांबून हसतात.

तर अडीच वर्षांपूर्वी खात्याने एक दिवस दादाचा विभागच बंद करून टाकला. आता सगळं कॉम्प्युटरवर. दादाला फुलांचा गुच्छ दिला आणि घरी पाठवला. गुच्छ वहिनीने पाण्यात ठेवला. दुसऱ्या हातात निबांची आणि पेनांची लाकडी पेटी होती, ती दादाने माझ्यापुढे सरकवली. "भिंगरे, तुझ्या जुन्या पातेल्यांबरोबर हेही भंगारात दे." मी बरं म्हटलं, पेटी घरी नेली आणि पलंगाखाली जुन्या सुटकेसच्या मागे ढकलून दिली. भंगारात देतेय डोंबलाची!

त्या दिवसापासून दादाने फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. पाय ठणठणीत, डोळे चांगले, डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही. "मग बाहेर का जात नाहीस?" असं विचारलं की म्हणायचा, "काय बघायचंय? मला सगळं पाठ आहे." खिडकी, खुर्ची, वर्तमानपत्र. केस वाढले की वहिनी घरीच कापायची, आणि तिने कापलेलं डोकं म्हणजे एकीकडे चढ, एकीकडे उतार. ती हसायची, मीही हसायचे, पण स्वयंपाकघरात गेलो की आम्ही दोघी गप्प व्हायचो. मला भीती वाटायची, उघड सांगते. माणूस समोर बसलेला असतो आणि थोडाथोडा कमी होत जातो, ते बघवत नाही.

लेखिकाबाई मला दवाखान्याच्या रांगेत भेटल्या. त्यांच्या पोराच्या दंडावरची लसही माझ्याच हातची. आपल्या पुस्तकासाठी कॉम्प्युटरकडून शहराचा नकाशा करून घेतला म्हणून वैतागल्या होत्या. "दिसतो सुंदर हो, पण त्यात नदी डोंगर चढते. आणि सगळ्या शहरात विहीर नाही एक!" माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हटलं, बाई, असल्या चुका बघून ज्याला रात्री झोप लागणार नाही असा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे.

दुसऱ्या दिवशी मी पेटी पुसून दादासमोर ठेवली. खोटं बोलले म्हणून तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने झाकण उघडलं, एकेक निब उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "गंज चढलाय. तुला साधं तेल लावून ठेवता येत नाही?" मी जीभ आवरली. नाहीतर चांगलंच ऐकवलं असतं. तरी बाईंना भेटायला हो म्हणायला त्याने तीन आठवडे घेतलेच.

मग सहा आठवडे त्या घरात एक शहर वसत होतं. जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग बोर्ड चढला आणि दादा-वहिनी ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले. दादाची रीत अशी की रस्ता शेवटी. आधी पाणी कुठून येतं, मग जमिनीचा उतार, मग विहिरी. विहिरीभोवती घरं, घरांतून बाजार, आणि बाजारात भरलेली बैलगाडी वळेल एवढी जागा. एक रस्ता उगाचच वाकडा काढला होता, बाईंनी विचारलं हा असा का? दादा म्हणाला, "इथे दोनशे वर्षांपूर्वी मोठं झाड होतं. झाड गेलं, वळण राहिलं." त्यांच्या चारशे पानांत ते झाड कुठेच नव्हतं. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांनी ते घातलं होतं.

अंतरं मोजायचं काम माझ्याकडे. दादा खिडकीत घड्याळ घेऊन बसायचा आणि मी रस्त्यावर चालायचे. "भिंगरे, आता भरलेली बादली घेऊन." "भिंगरे, आता गुडघे दुखणाऱ्या म्हातारीसारखी." म्हटलं, त्यासाठी नाटक कशाला, आहे तशी चालते. फाटकापासून कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत दोनशे मीटर भरतात, त्यावरून तो त्या शहरातल्या पाणक्याला विहिरीहून घरी यायला किती वेळ लागेल ते काढायचा. शेजारच्या शिंप्याने वहिनीला हळूच विचारलं की तुमच्या नणंदेचं सगळं बरं आहे ना. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या भावाची बहीण मी, दुसरं काय होणार माझं?

आणि मग घोडं अडलं.

बाईंच्या गोष्टीत एक काचवाल्याची पंधरा वर्षांची मुलगी आहे. राजाने तिला कोंडलेलं असतं. ती सुटते तेव्हा बंदराचा दरवाजा बंद करायची घंटा सुरू होते. शंभर ठोके. शंभराव्या ठोक्याला दरवाजा बंद. त्याआधी पोरगी पोचली तर जगली. दादाने आधीच ठरवलं होतं की एवढी जड घंटा ओढणाऱ्याला दोन ठोक्यांमध्ये पाच सेकंद लागणारच. म्हणजे शंभर ठोके आठ मिनिटं वीस सेकंद. आणि कोठडीपासून बंदरापर्यंत त्याच्या नकाशावरचं अंतर एकवीसशे मीटर. कातडीवाल्यांच्या लांबलचक भिंतीला वळसा घालायचा, वर जाऊन नाल्यावरचा पूल ओलांडायचा, पुन्हा खाली यायचं. अनवाणी पोरगी कितीही धावली तरी चौदा मिनिटं.

"पूल जरा खाली आणा ना, काका," बाई म्हणाल्या.

"खाली चिखल आहे. तिथे गाडीचा पूल उभा राहणार नाही."

"मग कोठडी जवळ आणा."

"राजा आपल्या कैद्यांना बंदराजवळ ठेवेल? पळून जायला?"

"मग भिंत काढून टाका!"

"आणि राजाला वास येऊ द्या," दादा म्हणाला.

बाईंना ठोके वाढवता येत नव्हते, शंभर या आकड्यावर त्यांची अर्धी गोष्ट उभी होती. त्यांनी नकाशाकडे बराच वेळ बघितलं. त्यांना तो आवडला होता, तोंडावरच दिसत होतं. शेवटी हळू आवाजात म्हणाल्या, "काका, सोमवारी पुस्तक छापायला जातंय. शनिवारपर्यंत मुलगी पोचली नाही तर मला कॉम्प्युटरचाच नकाशा लावावा लागेल. त्यात नदी डोंगर चढते, पण पोरगी वाचते."

दादा पुन्हा अंतर मोजायला लागला.

गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला. एवढंच म्हणाली, "अगं, तुझा दादा निबा पुसतोय. पुसून पेटीत ठेवतोय."

मी चपला पायात सरकवून तशीच निघाले.

तो खरंच पुसत होता. एकेक निब कापडात फिरवायची, पेटीतल्या तिच्या खाचेत ठेवायची. मला बघून म्हणाला, "या वेळी खरंच भंगारात दे. चुकीचा नकाशा काढून मला नाव मिळवायचं नाही." सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ! मला इतका राग आला की रडूच येईल असं वाटलं. म्हटलं, "एका पुलापायी? अरे, माणसात आला होतास तू! परवा हसलास, वहिनीने मला फोन करून सांगितलं की हसला म्हणून!" दादाने मान खाली घातली आणि पुढची निब उचलली.

त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता म्हणून मी नकाशाशी भांडायला बसले. बोट कोठडीवर ठेवलं. मनात म्हटलं, समजा मी या शहरातली नर्स आहे. पिशवीत लसी आहेत, बर्फ वितळतोय, बंदरावर एक बाळ वाट बघतंय. कशी जाईन? बोट भिंतीपाशी आलं आणि आपोआप सरळ पुढे जायला लागलं. तिथे काहीच काढलेलं नव्हतं. मी पुन्हा बघितलं. उजवीकडे, डावीकडे, बाजारामागे, विहिरीमागे. एवढ्या मोठ्या शहरात एकही आडवाट नाही!

"दादा, या कातडीवाल्यांकडे कामाला येणारी माणसं राहतात कुठे?"

"नाल्यापलीकडे."

"म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ ती पुलाला वळसा घालतात? ओली कातडी डोक्यावर घेऊन?"

"रस्ता तोच आहे."

"रस्त्याने पाहुणे जातात रे! रोजचं माणूस पहिल्या आठवड्यात भिंतीतली वीट काढतं!"

दादाने कापड खाली ठेवलं. "भिंगरे, मंजूर नसलेली वाट मी नकाशात काढत नाही. तेहतीस वर्षांत काढलेली नाही."

घ्या! राजा काल्पनिक, घंटा काल्पनिक, शहर काल्पनिक, आणि वाटेला मंजुरी हवी खात्याची! वहिनी दारातून म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि तोंडाला पदर लावला.

मी मात्र हसले नाही. मला एकदम सुचलं. "दादा, तुझ्या घरापासून माझं घर किती लांब?"

"बावीस मिनिटं," तो तत्काळ म्हणाला. "पोस्टावरून, चौकातून, मोठ्या रस्त्याने."

"मी नऊ मिनिटांत येते."

"अशक्य."

"आता फोन ठेवल्यावर कधी पोचले, वहिनीला विचार."

वहिनी म्हणाली, "माझा चहा उकळायच्या आत आली हो."

दादाच्या कपाळावर आठी पडली. मी हिला ओळखते, म्हणजे त्या आठीला. हिशेब जुळत नसला की ती येते आणि मग त्याला स्वस्थ बसवत नाही. "सरळ रेषेत सहाशे चाळीस मीटर आहे," तो स्वतःशीच बोलला, "पण मधे सगळ्या भिंती आहेत. तू काय भिंतीतून जातेस?"

"हो."

"दाखव."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. वहिनीने पलंगाखालून त्याचे बूट काढले, पदराने धूळ झटकली आणि त्याच्या पायापाशी ठेवले. दादा बराच वेळ बुटांकडे बघत राहिला. मग त्याने घड्याळ मनगटावर चढवलं आणि खाली वाकून नाड्या बांधल्या.

फाटकातून तो माझ्या दंडाला धरूनच बाहेर पडला. पहिल्याच वळणावर मी लॉन्ड्रीच्या मागे घुसले. तिथे इस्त्रीची गरम वाफ अंगावर येते, वाकून जावं लागतं. पुढे शाळेच्या कुंपणाचा एक गज वाकवलेला आहे. कुणी वाकवला देवाला ठाऊक, पण तिथलं लोखंड हात लागून लागून गुळगुळीत झालंय. दादाने त्यावर बोट फिरवलं आणि किती वर्षं झाली असतील ते विचारलं. म्हटलं, मी नोकरीला लागले तेव्हाही वाकलेलाच होता. पुढे एका म्हातारबाईचं अंगण. ती वाळत घातलेल्या चादरीमागून ओरडली, "कोण गं? नर्सबाई का? बरोबर कोण?" म्हटलं, "भाऊ माझा." ती म्हणाली, "मग जा, जा. पायरी जपून."

आणि मग नाला आला. दादा थबकला. "हा माझा आहे," म्हणाला. "नोकरीतलं माझं दुसरं वर्ष. सगळा मी काढलाय, टोकापासून टोकापर्यंत." त्याच्या नाल्यावर एक लाकडी फळी टाकलेली होती. मधोमध झिजून खोलगट झालेली. पलीकडच्या भिंतीच्या दोन विटा काढलेल्या होत्या, आणि त्याच विटा खाली पायरी म्हणून मांडलेल्या. दादा गुडघ्यावर बसला. फळीची रुंदी वितीने मोजली, पायरीची उंची मोजली.

"एवढी माणसं गेली इथून," तो म्हणाला, "आणि माझ्या नकाशात इथे कुणीच नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग दादाने नाक पुसलं, फळीवर पाय ठेवून ती जरा हलवून बघितली आणि म्हणाला, "एका माणसाला चालेल. गाडीला नाही."

माझ्या दाराशी पोचलो तेव्हा त्याने घड्याळ बघितलं. "एकोणीस."

"मधे दहा मिनिटं मोजत बसलास ते धर."

"धरलं," तो म्हणाला.

शुक्रवारभर त्याने मान वर केली नाही. पूल हलला नाही, भिंत हलली नाही, कोठडी होती तिथेच राहिली. फक्त शहरभर बारीक ठिपक्यांच्या रेषा उमटत गेल्या. एक खाटकाच्या मागून, एक विहिरीकडून, एक कुणाच्या तरी अंगणातून. कातडीवाल्यांच्या भिंतीत एक फट, नाल्यावर एक फळी. कोठडी ते बंदर, बाराशे मीटर.

शनिवारी बाई आल्या. दादाने नकाशा दाखवला, सगळं सांगितलं. बाईंनी फळीवर बोट ठेवलं. "पण काका, बाराशे मीटर तरी आठ मिनिटांत होतील का? भिंत, फळी, सगळं धरून?"

दादा खिडकीकडे बघून म्हणाला, "पत्रपेटीपर्यंत दोनशे मीटर. सहा वेळा."

बाईंनी एकदा आमच्याकडे बघितलं, उठल्या आणि चपला काढल्या. चाळिशीची बाई, पण पदर खोचला म्हणजे कसा! मी पातेल्याचं झाकण आणि डाव घेऊन फाटकात उभी राहिले. वहिनीने रस्त्यात मधेच कपडे वाळत घालायचा घोडा आडवा टाकला, ती भिंतीची फट, आणि पुढे खडूने फळी आखली. दादा घड्याळ घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा. माझ्या दंडाचा आधार नाही, काही नाही.

मी पहिला ठोका दिला, मग दादाच्या खुणेवर दर पाच सेकंदांनी एक. शिंपी सुई सोडून बाहेर आला. तिसाव्या ठोक्याला त्याला कळलं की काहीतरी शर्यत आहे, आणि पन्नासाव्याला तो बाईंना ओरडून धीर देत होता. सत्तराव्या ठोक्याला बाईंचा श्वास मला फाटकापर्यंत ऐकू येत होता. शेवटच्या फेरीत त्या घोड्याला अडखळल्या, पडता पडता सावरल्या. नव्वद. एक्याण्णव. आणि मोजपट्टी, माझा भाऊ, ज्याने जन्मात कधी आवाज चढवला नाही, तो रस्त्यात उभा राहून ओरडला, "पळ, पोरी, पळ!"

शहाण्णवाव्या ठोक्याला बाईंचा हात फाटकाला लागला.

त्या पायरीवर बसून हसत होत्या आणि रडत होत्या. "पोरगी काच विकायला त्या वस्तीत जायची," धापा टाकत म्हणाल्या, "म्हणून तिला फट माहीत असते. राजाच्या माणसांना माहीत नसते. पुन्हा लिहिते मी. आजच लिहिते." वहिनीने त्यांना पाणी दिलं. दादाने सुद्धा विचारलं, पाणी हवं का म्हणून, ते दिल्यानंतर.

पुस्तक निघालं. नकाशा पहिल्याच पानावर आहे, ठिपक्यांसकट. बाईंच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी आता दादाला बर्फातलं शहर मागितलंय, आणि दादा म्हणतो बर्फात घाण गोठते, तो मोठाच प्रश्न आहे.

गेल्या मंगळवारी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. मागचं दार वाजलं. माझ्याकडे मागच्या दाराने मांजराशिवाय कुणी येत नाही. उघडलं तर दादा, एकटाच. पाठीला विटेचा लाल डाग, बुटांना चिखल, हातात ती लाकडी पेटी.

"काय झालं?"

त्याने पेटी उघडून दाखवली. आत काही नव्हतं.

"निबा आता टेबलावरच असतात, पेल्यात. पेटी घे तुला, सुया-दोरे ठेवायला." मग मनगट पुढे करून त्याने मला घड्याळ दाखवलं.

"नऊ," म्हणाला.